पोकळ झाडाची किंमत

मंडळी, रानातले एखादे जुने बेहड्याचे झाड डोळ्यांपुढे आणा. बुंधा एवढा मोठा, की दोन गड्यांच्या कवेत मावायचा नाही. वरची एक फांदी केव्हातरी वादळात मोडलेली. जिथे मोडली तिथे पावसाचे पाणी मुरले, लाकूड कुजले आणि खोड आतून पोकळ झाले. त्या पोकळीला आपण ढोली म्हणतो.

अशा झाडाची किंमत काय? लाकडाचा व्यापारी रानात आला की खोडावर कुऱ्हाडीने ठोकून पाहतो. टणक आवाज आला तर भाव करतो. बद्द आवाज आला तर तोंड वाकडे करतो. म्हणतो, "दादा, हे आतून गेलंय. ह्याचे पैसे नाही मिळायचे. बाकीच्या मालाबरोबर असंच तोडून नेतो." मालकही मान हलवतो. पोकळ झाडाचे काय करायचे? सौदा ठरतो आणि ते झाड फुकट जाते.

या धड्यात आम्हांला त्या फुकट गेलेल्या झाडाविषयी सांगायचे आहे. पण झाडाविषयी सांगायचे तर आधी त्याच्या बिऱ्हाडकरूची ओळख करून दिली पाहिजे. त्याचे नाव धनेश.

कोकणात कोणी त्याला ककणेर म्हणतात, कोणी नुसते गरुड म्हणतात. खरा गरुड वेगळा. गरुड शिकारी. धनेशाचे पोट मुख्यतः फळांवर भरते. मधूनमधून तो किडा-मुंगी, सरडाही खातो. आपल्या सह्याद्रीत धनेशाच्या चार जाती आहेत. राखी धनेश घारीएवढा असतो आणि गावाजवळ, कधी शहरातल्या झाडांवरही दिसतो. मलबारी राखी धनेश त्याहून लहान. तो सह्याद्रीच्या रानाखेरीज जगात दुसरीकडे कोठेही नाही. तो ओरडू लागला म्हणजे कोणी माणूस खदखदा हसतो आहे असे वाटते. तिसरा कवड्या धनेश, काळा-पांढरा. आणि चौथा सर्वांत मोठा, त्याला महाधनेश म्हणतात.

महाधनेश एकदा पाहिला की माणूस विसरत नाही. चोचीपासून शेपटीपर्यंत तीन-साडेतीन फूट लांब. पंख पसरले तर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच फूट. चोच पिवळी, बाकदार, आणि तिच्यावर शिरस्त्राण घातल्यासारखा एक पिवळा उंचवटा. हा उंचवटा दिसायला जड, पण आतून पोकळ असतो. नराचा डोळा लाल आणि मादीचा पांढरा, म्हणून नर-मादी ओळखता येतात. तो उडू लागला की पंखांचा आवाज लांबवर ऐकू येतो. जुन्या वाफेच्या आगगाडीचे इंजिन चढण चढताना जसे भसभस करी, तसा तो आवाज. म्हाताऱ्या माणसांना तो चांगला ठाऊक आहे. पुष्कळ गावांतल्या मुलांनी मात्र तो ऐकलेला नाही.

जाता जाता एक गंमत. मुंबईत १८८३ साली निसर्गाचा अभ्यास करणारी एक संस्था निघाली, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. त्या संस्थेच्या कचेरीत विल्यम नावाचा एक महाधनेश १८९४ पासून १९२० पर्यंत राहत होता. सव्वीस वर्षे! कचेरीतले किती कारकून आले न् गेले, हा आपला जागेवर. पुढे संस्थेने धनेश हेच आपले चिन्ह केले, आणि तिच्या इमारतीचे नावही धनेशावरूनच ठेवले.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. धनेशाचा संसार मोठा नवलाचा आहे.

पौष-माघाच्या सुमारास नर-मादी ढोली शोधू लागतात. जुनी ढोली शाबूत असली तर बहुधा तिथेच येतात. तीच जोडी त्याच झाडावर वर्षानुवर्षे येते. मादी आत-बाहेर करून जागा नीट पाहते. जागा पसंत पडली की आत शिरते आणि ढोलीचे तोंड आतून लिंपू लागते. लिंपायला काय घेते? स्वतःची विष्ठा आणि फळांचा चोथा. हे वाळले की सिमेंटसारखे घट्ट होते. शेवटी एक उभी चिंचोळी फट तेवढी राहते. चोचीचे टोक आत-बाहेर होईल, एवढीच.

अशी ती स्वतःला कोंडून घेते. आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना खोलीत राहते. धनेशाची मादी तीन महिन्यांहूनही अधिक काळ राहते. आत तिच्या पंखांची व शेपटीची मोठी पिसे झडतात. म्हणजे मनात आले तरी तिला त्या दिवसांत उडता यायचे नाही. महाधनेशाची मादी एक किंवा दोन अंडी घालते. बहुधा एकच पिल्लू मोठे होते.

या सगळ्या काळात तिला खाऊ घालतो कोण? नर. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच्या खेपा चालू असतात. उंबरे, पायरीची फळे, जे मिळेल ते गिळून तो घशात साठवतो. ढोलीजवळ आला की एकेक फळ घशातून वर काढतो आणि फटीतून मादीच्या चोचीत देतो. एक झाले की दुसरे, दुसरे झाले की तिसरे. पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर खेपा आणखी वाढतात. रोजगार करून घरात दाणे आणणाऱ्या गड्याला या पक्ष्याची दगदग समजावून सांगायला नको.

मादीही आत स्वच्छता राखते. घाण फटीतून बाहेर टाकते. पिल्लू थोडे मोठे झाले की महाधनेशाची मादी लिंपण फोडून बाहेर येते आणि नराबरोबर तीही अन्न आणू लागते. तेव्हा आत एकटे राहिलेले पिल्लू काय करते? ते फट पुन्हा आतून लिंपून घेते. त्याला हे कोणी शिकवले? कोणीच नाही. आम्ही जन्मभर मुलांना शिकवले, पण अशी न शिकवता येणारी विद्या पाहिली की आम्ही गप्प बसतो. उन्हाळा सरता सरता, पावसाच्या आधी, पिल्लू लिंपण फोडून बाहेर पडते.

आता यात धोका कोठे आहे ते पाहा. माघापासून वैशाखापर्यंत कोणी नराला मारले, तर एक पक्षी मेला एवढ्यावर ते थांबत नाही. आतल्यांचे अन्न तुटते. मादीची पिसे झडलेली, पिल्लू लहान. ते घर उठलेच म्हणून समजा. काही भागांत अशी समजूत आहे की धनेशाच्या चरबीचे तेल सांधेदुखीवर लागू पडते. या समजुतीला काही आधार नाही. गुडघे दुखत असतील तर दवाखान्यात जावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे धनेशाला मारणे किंवा त्याच्या घरट्याची नासधूस करणे हा गुन्हा आहे.

पण शिकारीपेक्षा मोठा धोका दुसराच आहे, आणि त्यासाठीच आम्ही पोकळ झाडापासून सुरुवात केली. धनेशाला ढोली कोरता येत नाही. त्याची चोच कुदळीएवढी दिसते, पण कुदळीचे काम तिच्याने होत नाही. सुतारपक्षी टकटक करून भोक पाडतो, पण ते त्याच्या अंगाच्या मापाचे. महाधनेशाला केवढी तरी मोठी खोली लागते. आत मादी बसली पाहिजे, पिल्लू वाढले पाहिजे, आणि तोंड मात्र लहान पाहिजे. अशी ढोली निसर्गतःच पडावी लागते. आधी झाड थोराड व्हायला हवे, मग फांदी मोडायला हवी, मग लाकूड आतून कुजायला हवे आणि तरीही झाड जिवंत उभे राहायला हवे. यात माणसांच्या दोन-तीन पिढ्या जातात. एवढे करून ढोली पडली तरी ती धनेशालाच मिळेल असे नाही. तिच्यावर मधमाश्यांचा डोळा असतो, घोरपडीचा असतो, दुसऱ्या धनेशांचाही असतो. म्हणजे भाडेकरू पुष्कळ आणि खोल्या थोड्या.

म्हणून आमचे म्हणणे असे, की व्यापारी ज्या झाडाला मोल देत नाही, तेच झाड रानात सर्वांत मोलाचे. सरळसोट तरणी झाडे तोडली तर त्यांच्या बुडख्याला फुटवे येतात. दहा-पंधरा वर्षांत रान पुन्हा हिरवे दिसते. पण त्या हिरव्या रानात ढोली नसते. रस्त्यावरून जाणारा माणूस म्हणेल, "काय झकास जंगल आहे!" धनेश मात्र त्या जंगलावरून उडत पुढे निघून जाईल. एक झाड तोडल्याबद्दल दहा रोपे लावली, असा हिशेब आपण पुष्कळदा ऐकतो. तो हिशेब लाकडाचा असेल. ढोलीचा नव्हे.

कोणी विचारील, धनेश गेला तर आमचे काय अडले? प्रश्न रास्त आहे. आम्ही त्याचे उत्तर धनेशाच्या घशातून देणार आहोत.

धनेश फळ गिळतो. फळाचा गर त्याच्या पोटात राहतो आणि बी बाहेर पडते, कधी चोचीतून, कधी विष्ठेतून. दरम्यान तो कोठेच्या कोठे गेलेला असतो. या डोंगरावर खाल्लेले फळ, त्या डोंगरावर पडलेले बी. त्याच्या ढोलीखाली तर बियांचा सडा पडलेला असतो आणि पावसाळ्यात तिथे रोपांचे जणू ताटवेच उगवतात. लहान बी बुलबुलासारखे पक्षीही पसरवतात. पण रानजायफळासारख्या झाडाचे बी मोठे. ते बुलबुलाच्या घशातून कसे जाणार? त्याला मोठ्या घशाचा पक्षीच हवा. काजऱ्याचे बी किती विषारी, हे आपल्याला ठाऊक आहेच. धनेश काजऱ्याचे फळ खातो, गर ठेवून घेतो आणि बी तसेच टाकून देतो. असा हा बिनपगारी पेरणी करणारा गडी आहे. तो नाहीसा झाला तर मोठ्या बियांची झाडे आपल्याच सावलीत बी गाळीत राहतील. तिथे दाटीत रोपे जगायची नाहीत.

रान नीट असले तर पाणी मुरते. आपल्या डोंगरातले झरे कोणत्या महिन्यात आटतात, ते तुम्ही आम्हांला सांगायचे. आमच्यापेक्षा तुम्हांला ते जास्त कळते, कारण हंडा घेऊन तुमच्या घरची माणसे जातात.

उंबराविषयी दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. उंबर, वड, पिंपळ, पायर, नांदरूक ही सारी एका कुळातली झाडे. यांचे फूल आपल्याला दिसत नाही. क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण 'उंबराचे फूल' म्हणतो ते त्यामुळेच. खरे म्हणजे फूल असते, एकच नव्हे तर शेकडो असतात. पण ती फळाच्या आत असतात. फळ म्हणजे फुलांची बंद डबीच. त्या डबीत शिरून फुलांवर पराग पोचवण्याचे काम एक बारीक किडा करतो. त्यालाच आपण केंबरे म्हणतो. उंबराचे केंबरे वेगळे, वडाचे वेगळे, ज्याचा त्याचा किडा ठरलेला. त्या किड्याची जात जगली पाहिजे, तर रानात कोठे ना कोठे फळ लागलेले हवे. म्हणून या कुळातली झाडे सगळी एकदम फळत नाहीत. आज हे, दोन महिन्यांनी ते. रानात दुसरे काही पिकलेले नसते तेव्हाही एखादे उंबर लगडलेले सापडते. नेमके अशाच दिवसांत धनेशाची मादी ढोलीत असते. उंबर फोडून केंबरे काढू नयेत, असे आपण म्हणतो ते दुसऱ्या अर्थाने. पण त्या केंबऱ्यांच्या जिवावर केवढा कारभार चालतो, ते एकदा तरी फोडून पाहावे असे आम्हांला वाटते.

उंबराचे लाकूड हलके. जळणालाही फारसे चांगले नाही. दत्ताचे झाड म्हणून काही ठिकाणी ते वाचते. पण काजूची बाग करायची म्हटली की पायर, नांदरूक यांना कोणी देव आठवत नाही.

आता थोडे मोठ्या नकाशाकडे पाहू. सह्याद्री म्हणजे फक्त आपल्या जिल्ह्याचा डोंगर नव्हे. तापीच्या दक्षिणेपासून थेट कन्याकुमारीजवळपर्यंत सुमारे १६०० किलोमीटर लांब अशी ही रांग आहे. गुजरात, महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ आणि तामिळनाडू या सहा राज्यांतून ती जाते. गोदावरी, कृष्णा आणि कावेरी या नद्या इथेच उगम पावतात. २०१२ साली या रांगेतली ३९ ठिकाणे जागतिक वारसा म्हणून नोंदली गेली. त्यांत आपले कास पठार आहे, कोयना आहे, चांदोली व राधानगरी आहे.

शास्त्रज्ञांनी जगात अशी ३६ क्षेत्रे काढली आहेत, की जिथे जीवांची फार मोठी संपत्ती आहे आणि ती फार मोठ्या धोक्यात आहे. त्यांना ते हॉटस्पॉट म्हणतात. सह्याद्री आणि श्रीलंका मिळून त्यांतले एक क्षेत्र होते. या यादीत नाव यायला दोन अटी लागतात. पहिली, जगात दुसरीकडे कोठेही नाहीत अशा निदान १५०० जातींच्या वनस्पती तिथे असल्या पाहिजेत. दुसरी, तिथले मूळचे रान शेकडा ७० किंवा त्याहून अधिक नाहीसे झालेले असले पाहिजे. पहिली अट वाचून छाती फुगते. दुसरी वाचली म्हणजे मान खाली जाते. ज्या घरात दागिने पुष्कळ आणि निम्म्याहून जास्त गहाण पडलेले, त्या घरासारखी ही गत आहे.

रान जाते कसे? धरणांखाली गेले, खाणींत गेले, रस्त्यांत गेले, चहा-कॉफीच्या आणि रबराच्या मळ्यांत गेले. हे सर्व वर्तमानपत्रांत येते. पण कोकणातली मोठी रानतोड वर्तमानपत्रात येत नाही, कारण ती खाजगी आहे. इथले पुष्कळसे रान सरकारी नव्हे, मालकीचे आहे. सातबाऱ्यावर पाच-दहा भावांची नावे. निम्मे भाऊ मुंबईला. मुलीचे लग्न निघाले, घराचे छप्पर बसले, कोणाला मुंबईच्या इस्पितळात न्यावे लागले, की व्यापाऱ्याला निरोप जातो. यंत्राची करवत आल्यापासून आठवड्याचे काम दिवसात उरकते. लाकूड भट्ट्यांना, कारखान्यांना जाते आणि मोकळ्या झालेल्या जागी काजू-आंबा लागतो. १९९० साली रोजगार हमीतून फळबागांची योजना आली, तिने पुष्कळ घरांना हात दिला हेही खरे. काजूची बाग वाईट असे आम्ही कसे म्हणू? काजूच्या पैशांवर मुले शिकली आहेत. लग्नासाठी रान विकणाऱ्याला शहरातल्या माणसाने खुर्चीत बसून बोल लावू नये. आमचे भांडण तोडण्याशी नाही, सगळे सपाट करण्याशी आहे.

शंभर झाडांच्या सौद्यात ढोलीची झाडे असतात किती? दोन किंवा तीन. त्यांचे पैसे तर व्यापारी देतच नाही. मग ती का द्यावीत?

आपल्या वाडवडिलांनी ही गोष्ट वेगळ्या रीतीने साधली होती. त्यांनी देवराया राखल्या. देवराईतली काठी घरी न्यायची नाही, वाळलेले पानही तिथेच पडू द्यायचे, असा दंडक होता. १९७० नंतरच्या काळात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या दोन शास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातल्या देवराया पायी हिंडून पाहिल्या व त्यांविषयी लिहिले. भोवतालचे डोंगर बोडके झाले, तरी देवराईत थोराड झाडे व झऱ्याचे पाणी टिकलेले होते. कोकणात आजही धनेशाच्या पुष्कळ ढोल्या देवराईतल्याच झाडांवर आहेत. रत्नागिरी जिल्ह्यात देवरुखच्या बाजूला काही मंडळी अशा ढोल्यांची नोंद ठेवतात आणि धनेश खातो त्या झाडांची रोपे तयार करतात.

पण एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. अलीकडे पुष्कळ गावांत देवळाचा जीर्णोद्धार निघतो. जुने कौलारू देऊळ पाडून स्लॅबचे बांधायचे ठरते. पैसे कमी पडतात आणि गावकी देवराईतली झाडे विकायचे ठरवते. देवाची झाडे विकून देवाला घर! कौल लावून देवाची परवानगी काढली म्हणतात. देवाने काय सांगितले ते देवाला ठाऊक. पण कौल लावण्याआधी त्या झाडांवर कोण राहते, हे वर मान करून कोणी पाहिले होते काय?

दुसरीकडच्या लोकांनी काय केले ते थोडक्यात सांगतो. धनेश हा केरळचा राज्यपक्षी आहे. तिथे वाझाचलच्या जंगलात कादर नावाचे आदिवासी राहतात. पूर्वी त्यांच्यातले काही जण ढोलीतून धनेशाची पिल्ले काढीत. आता तेच लोक ढोल्यांचे राखणदार आहेत. कोणते झाड, कोणत्या दिवशी मादी आत गेली, पिल्लू केव्हा निघाले, हे ते लिहून ठेवतात. दूर ईशान्येला अरुणाचल प्रदेशात न्यीशी लोकांच्या पुरुषांची टोपी धनेशाच्या चोचीने सजवण्याची चाल होती. त्यांनी आता खऱ्या चोचीऐवजी बनावट चोच लावायला सुरुवात केली आहे. तिथल्या पाक्के अभयारण्याभोवतीच्या गावकऱ्यांना शहरातल्या लोकांच्या वर्गणीतून ढोल्या राखण्याचा पगार मिळतो. कर्नाटकात दांडेलीच्या बाजूला २०११ साली धनेशासाठी म्हणून राखीव क्षेत्र जाहीर झाले. सिंगापूर या शहरात तर मोठी जुनी झाडे उरली नव्हती, म्हणून लाकडी पेट्या झाडांवर बांधल्या. आपल्या कवड्या धनेशाच्या एका भाऊबंदाने त्यांत बिऱ्हाड केलेही. पण पेटीला पैसा लागतो, दुरुस्ती लागते. आपल्याकडे अजून झाडे उभी आहेत. आयती खोली पाडून पेटी टांगण्यात काय शहाणपण?

आता तुम्ही वाचायला-लिहायला शिकला आहात. तर त्या विद्येचा इथे उपयोग करा. रानाचा सौदा तोंडी करू नका. कागद करा, आणि अंगठा उठवण्याचे दिवस गेले, तेव्हा वाचून सही करा. कागदावर 'सर्व झाडे' असे लिहिलेले असेल तर तिथे थांबा. काही जातींची झाडे आपल्या मालकीची असली तरी परवानगी काढल्याशिवाय तोडता येत नाहीत. ते वन खात्याच्या कचेरीत आधी विचारून घ्या. मग कागदावर आणखी एक ओळ घाला: "ज्या झाडांवर चुन्याचा पट्टा ओढला आहे ती झाडे या सौद्यात धरलेली नाहीत, ती तोडू नयेत." पट्टा मात्र सौद्याच्या आधी, व्यापाऱ्यासमक्ष ओढा. ढोलीचे झाड, मोठे उंबर, पायर, नांदरूक यांवर तो ओढा. ढोलीच्या झाडाभोवतीची चार-दोन झाडेही राखा. एकटे उरलेले पोकळ झाड वाऱ्याला लवकर पडते.

ढोलीत धनेश आहे असे कळले तर झाडाखाली गर्दी करू नका. मोबाईल घेऊन फोटोसाठी पोरे उभी राहिली की नर फळे घेऊन लांबच्या झाडावर बसून राहतो. आतली मादी उपाशी. पाहायचेच तर लांबून, झुडपाआडून पाहा.

२००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत एक समिती असते. गावातले प्राणी, पक्षी व झाडे यांची एक नोंदवही तिने ठेवायची असते. पुष्कळ ठिकाणी ही वही कपाटात असते. ग्रामसभेत उभे राहून ती पाहायला मागा. आपल्या रानातल्या ढोलीचे झाड तिच्यात आहे का ते स्वतः वाचा. नसेल तर खालीलप्रमाणे लिहून द्या. आज वर्गात आपल्या वहीत लिहून पाहा. रिकाम्या जागा रविवारी रानात जाऊन भरा. घेर मोजायला सुंभ न्या आणि घरी येऊन तो फुटपट्टीवर मोजा.

झाडाचे नाव : बेहडा
जागा : ............ वाडीच्या वर, ............ च्या झऱ्याजवळ
बुंध्याचा घेर (छातीइतक्या उंचीवर) : ...... फूट
ढोलीची उंची (जमिनीपासून) : अंदाजे ...... फूट
ढोलीचे तोंड लिंपलेले आहे काय? होय / नाही
झाडाखाली बिया पडलेल्या आहेत काय? कशाच्या? ............
धनेश कोणी पाहिला? ............ तारीख : ............
लिहिणाऱ्याची सही : ............